पांदणीतला लाल दिवा

माझी शाळेची वाट पांदणीतून, वावरांमधल्या बैलगाडीच्या कच्च्या रस्त्यानं जाते. तलमडुगु मंडलातल्या (इकडे तालुक्याला मंडल म्हणतात) आमच्या गावापासून शाळेचं गाव चार किलोमीटर. मध्ये एक नाला आणि दोन्ही बाजूंना कापसाची, ज्वारीची वावरं. लहानपणी पोलिओनं माझा उजवा पाय बारीक राहिला, त्यामुळे काळ्या मातीत दोन चाकांवर तोल सांभाळणं मला जमत नाही. शिक्षकाच्या नोकरीची पहिली सहा वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या मागे बसून शाळेत गेलो. ज्याची गाडी त्याच्या सोयीनं निघायचं, त्याच्याच सोयीनं परतायचं. त्याचं वावरात काम निघालं की मी नाल्याच्या काठावर काठी टेकून उभा.

मग जिल्ह्यातल्या एका धबधब्याकडे पर्यटकांना फिरवणारं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली एक जुनी चारचाकी बाइक मला मिळाली. जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, गियरची कटकट नाही, रेस अंगठ्यानं द्यायची. डांबरी रस्त्यावर ती चालवायची नसते, पण मला डांबरी रस्ता लागतच नव्हता. तीन वर्षं मी कुणालाही न विचारता शाळेत गेलो आणि आलो.

यंदा कापसाचा शेवटचा वेचा चालू होता तेव्हा एका सकाळी नाला ओलांडला आणि हँडलमधला लाल दिवा लागला. थर्मामीटरचं चित्र असलेला. मी लगेच इंजिन बंद केलं. खालून गरम वाफारा येत होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची बाटली पाहिली तर ती खुणेपर्यंत भरलेली. अर्धा तास थांबून निघालो, तर शाळा दिसायला लागली आणि दिवा पुन्हा लागला. त्या दिवशी प्रार्थना मुलांनी माझ्याशिवायच उरकली होती.

शनिवारी गाडी मालवाहू ऑटोत चढवून आदिलाबादला नेली. मेकॅनिकनं इंजिन चालू करून ऐकलं, हात लावून पाहिला आणि हिंदीत सांगितलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमधलं पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं आहे, इंजिन खोलावं लागेल, सामान बाहेरून येईल, ते कधी येईल सांगता येत नाही. इतक्या जुन्या गाडीला हात लावण्यापेक्षा भंगारात द्या, असंही म्हणाला. गाडी तशीच परत आणली. ऑटोत बसल्या बसल्या मी मनात हिशेब करत होतो की सोमवारी कुणाला फोन करायचा. घरी येऊन जेवलोही नाही.

माझे वडील तेव्हा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात काढलं, आणि त्यातली बरीच वर्षं त्या शेताच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवण्यात. ते इंजिनही पाण्यानंच थंड राहायचं. बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात घालून ते इंजिनची तब्येत सांगत. माझ्या गाडीला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. ती शिकलेल्या लोकांची वस्तू आहे, असं त्यांना वाटत असावं.

मेकॅनिकचं म्हणणं ऐकून त्यांनी विचारलं की तेल पाहिलं का. मी म्हटलं, मेकॅनिकनं पाहिलं असेल.

"त्यानं पाह्यलं का, हे नाई इचारलं. तू पाह्यलं का?"

मी तेलाची पट्टी काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तेल बोटांवर चोळलं, उजेडात धरलं. गॅस्केट फाटलं की बहुतेक पाणी तेलात उतरतं आणि तेल दुधाच्या चहासारखं होतं, असं त्यांनी सांगितलं. हे तेल काळं होतं, पण निखळ होतं. मग मला इंजिन चालू करायला लावून ते धुराचा वास घेत मागे उभे राहिले. आत पाणी जळत असेल तर धूर पांढरा येतो; हा पांढरा नव्हता.

"इंजिन चांगलं हाय. त्याले हवा भेटून नाई राह्यली," ते म्हणाले.

इंजिन पुरतं थंड होईपर्यंत त्यांनी मला रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. स्वतःची बाही वर करून कोपरापाशी वाफेनं भाजल्याचा जुना डाग दाखवला, तेवढंच. थंड झाल्यावर झाकण काढलं तर आत पाणी बरंच खाली गेलेलं. बाटली भरलेली पाहून मी तीन वर्षं निश्चिंत होतो. बाटलीतलं पाणी आत जातंय की नाही हे कधी पाहिलंच नव्हतं. झाकणाचं रबर तडकलं होतं, त्यामुळे ते पाणी आत ओढलंच जात नव्हतं.

मग पुढची जाळी काढली. तहसील ऑफिसात कारकून असलेली माझी बायको टॉर्च धरून वाकली आणि म्हणाली की इथं तर गादी भरून ठेवली आहे. खरंच तसं होतं. कापसाच्या गाड्या जातात तेव्हा पांदणीतल्या बाभळींना रुई लटकते. ती रुई आणि नाल्याचा चिखल मिळून रेडिएटरवर जाड थर बसला होता. रेडिएटरच्या मागच्या पंख्याला पोत्याची सुतळी गुंडाळलेली. पंखा अडकला आणि त्याचा फ्यूज उडाला, असं सगळं ओळीनं झालं होतं.

रविवारची सकाळ त्यात गेली. बायकोनं जुन्या टूथब्रशनं रुई ओढून काढली, मी आतून बाहेर हलक्या धारेनं पाणी मारलं, वडिलांनी सुतळी कापली. फ्यूज आणि झाकण मंडलाच्या गावातल्या दुकानात मिळालं. कूलंट भरून इंजिन चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं पंखा आपोआप फिरायला लागला आणि आम्ही तिघं त्याचा आवाज ऐकत उभे राहिलो.

सोमवारी मी निघालो तर वडील मागे येऊन बसले. एकट्याला जाऊ देणार नाही म्हणाले. नाल्याच्या अलीकडेच लाल दिवा लागला.

मी इंजिन बंद केलं आणि हँडलवर डोकं टेकवलं. मेकॅनिक बरोबर होता, असंच मनात आलं. वडील उतरले, इंजिनजवळ तळवा नेला, थोडं थांबले. मग पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याचे थेंब इंजिनवर टाकले. थेंब चुरचुरले नाहीत, नुसते ओघळले.

"इंजिन कोमट हाय. हा दिवा खोटं बोलून राह्यला."

त्यांनी मला चावी लावून हँडल डावीकडे वळवायला सांगितलं. दिवा विझला. उजवीकडे वळवलं तर लागला. हँडलखालून जाणारी एक वायर लोखंडाला घासून उघडी पडली होती. तांबं लोखंडाला टेकलं की दिवा लागत होता. सीटखाली काळी टेप होती. त्यांनी वायर गुंडाळली आणि लोखंडापासून दूर बांधली. मी हँडल दहा वेळा फिरवलं. दिवा लागला नाही. मला हसू आलं. वडील पुन्हा मागे येऊन बसले.

घंटेच्या आधी आम्ही शाळेत पोचलो. मी शिकवतो ती शाळा त्यांनी नऊ वर्षांत पाहिली नव्हती. आपण तिथं येऊन काय करायचं, असं म्हणायचे. मुलांनी विचारलं हे कोण. मी सांगितलं की माझे वडील, यांनी गाडी दुरुस्त केली. चौथीतल्या एका मुलीनं आतून खुर्ची आणून व्हरांड्यात ठेवली. ते आधी पायरीवरच बसले, मग आग्रहानं खुर्चीत.

दुपारी मला अशी भूक लागली की दोन दिवसांचं जेवण एकदम जेवल्यासारखा जेवलो. जेवून बाहेर आलो तर वडील खुर्चीत झोपलेले, आणि मुलं त्यांची झोप मोडू नये म्हणून पाढे कुजबुजत म्हणत होती.