पदाचा कर्ता कोण

भाद्रपद वद्य द्वितीया, दुपार. हजर: गणेशोत्सवाचा चिटणीस म्हणून मी, पद लिहिणारे मास्तर, आणि ज्यांच्यावर ते पद होतं ते दशाश्वमेध घाटावरचे वृद्ध उपाध्ये. त्यांना आम्ही काका म्हणतो. दाराबाहेर कोतवालीचा शिपाई. त्याला मराठी येत नव्हतं, तरी आम्ही हळू बोलत होतो.

आमच्या मेळ्याची रीत अशी, की पदातून आपल्यातल्याच कुणाची तरी टर उडवायची आणि ज्याची उडवली त्याला पुढे बसवून पहिला नारळ द्यायचा. मास्तरांनी लिहिलं, काका यजमानांच्या पितरांना स्वर्गाला नेतात खरे, पण अर्ध्या वाटेत उतरवून पुन्हा दक्षिणा मागतात. लोक हसले. काका हसले नाहीत. मी रीतीप्रमाणे नारळ त्यांच्या हाती दिला. पदात नाव नव्हतं. पण रोख कुणावर, ते बंदोबस्ताला आलेल्या दरोगाला त्या नारळावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला. पदाने धर्माची निंदा झाली आहे. कर्त्याचं नाव लेखी कळवा, नाहीतर मेळा बंद. काकांनी भावना दुखावल्याचा जबाब द्यावा, नाहीतर ज्या छत्रीखाली बसून ते यजमानांची श्राद्धं करतात, ती घाटावरून उठेल. पितृपक्ष सुरू झालेला. त्यांची वर्षाची कमाई याच पंधरवड्यातली.

पद मलाही आवडलं नव्हतं. कुणाच्या पितरांना थट्टेत ओढू नये, हे मी मास्तरांना तोंडावर सांगितलं होतं. पण त्यासाठी माणसाची नोकरी जावी, त्याला तुरुंग व्हावा?

मास्तर म्हणाले, मी स्वतःच जाऊन नाव देतो.

"गप बैस," काका म्हणाले. "दुखलं ते मला. शिव्या द्यायच्या त्या मी देईन, तुझ्यावर पद मी करीन. त्यात दरोगाचं काय काम?"

"पद जमेल तुम्हाला?"

"तुझ्याहून वाईट नाही जमायचं."

मी उत्तर लिहिलं: पद मेळ्याचं आहे, सगळ्यांनी म्हटलं आहे. खाली मंडळींच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. काकांनी जबाब दिला नाही.

दोनच दिवसांनी, वद्य चतुर्थीला, त्यांची छत्री उठली. मेळा बंद झाला. मास्तरांची नोकरी राहिली, पण त्यांच्या वर्गाच्या खिडकीशी एक अनोळखी माणूस रोज येऊन बसू लागला. काय हवं ते तो सांगत नाही. मुलं आता प्रश्न विचारत नाहीत.

काकांनी बोलल्याप्रमाणे पद केलं. चांगलं झोंबणारं आहे. चाल ठरली, गाणारे ठरले. परवान्यासाठी मी दर श्रावणात अर्ज करतो आणि दर वेळी आधी त्या जुन्या पदाच्या कर्त्याचं नाव मागतात. काकांना या थंडीत अंथरुणावरून उठवत नाही. पद अजून मेळ्यात म्हणायचं राहिलं आहे.