साळवे सरांनी मागे घेतलेला लेख

साळवे सर माझी प्रकरणं तपासताना लाल शाई वापरत नसत. समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहीत, "कावून?" म्हणजे का, कशावरून. बायकांचा आत्मविश्वास वाढला असं मी लिहिलं, की समासात कावून. त्यांच्या मालाला बाजारपेठ मिळत नाही म्हटलं, तरी कावून. एका पानावर अकरा वेळा तो शब्द पाहून मी वैतागलो. "सर, हे सगळ्यांनाच माहीत आहे," म्हटल्यावर ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सगळ्यायला म्हाईत हाय तर तू कशाला पीएच.डी. करतूस बे? घरी जा, झोप."

सर मूळचे धारूरचे, आमच्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवायचे. बुद्ध पौर्णिमेला घरी बोलावून खीर खाऊ घालायचे आणि वाटी रिकामी व्हायच्या आत नमुना निवडीवर बोलायला लागायचे. मी त्याच कॉलेजात नोकरीला होतो आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करत होतो. बचत गटातल्या बायका घरगुती धंद्याचे निर्णय कसे घेतात, हा विषय. पापड करायचे की शिलाई मशीन घ्यायचं, हे कोण ठरवतं? नवरा, सासू, की ती स्वतः?

त्यांचा एक शिरस्ता होता. लेख छापून आला की तो घेऊन ते त्याच बायकांकडे जात, जमिनीवर बसत आणि लेखात काय लिहिलंय ते त्यांना त्यांच्या बोलीत सांगत. "त्यायच्याबद्दल लिहायचं अन् त्यायलाच सांगायचं न्हाई, तर ती चहाडी झाली," म्हणायचे. बाकीचे प्राध्यापक याला हसत. त्यांच्यात बसलो की मीही हसायचो.

त्या थंडीत मला शंभर प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. साठ मी चकलांब्यात घरोघर फिरून भरल्या. मग कंटाळा आला, आणि बढतीसाठी पदवीची घाई तर होतीच. उमापूरजवळच्या एका वस्तीवरच्या गटांच्या रजिस्टरातून चाळीस नावं उतरवून आणली आणि घरी गादीवर लोळत सगळी उत्तरं मीच लिहिली. चार वेगवेगळी पेनं वापरली. तारखा जानेवारीच्या टाकल्या. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

त्या माहितीवर सरांनी लेख लिहिला. माझं नाव सोबत घालतो म्हणाले, तर मीच नको म्हटलं. उद्या कुणी पडताळलं तर कागदावर आपण नको, एवढाच हिशेब होता. सरांना तो माझा विनय वाटला. "लई साधा गडी हाय," असं ते दहा जणांना सांगत सुटले.

उन्हाळ्यात लेख छापून आला आणि सर मला मोटरसायकलवर मागे बसवून त्या वस्तीवर गेले. जायचं टाळायला मी दोन वेळा तब्येतीचं कारण सांगितलं होतं, तिसऱ्यांदा जमलं नाही. समाजमंदिरात बायका जमल्या. सर रंगात येऊन सांगू लागले, "तुमच्यातल्या लई जनी म्हनल्या, धंद्याचं आमचं आमीच ठरवतो."

मागून कांताबाई नावाच्या बाईने विचारलं, "कवा म्हनलो सर आमी?"

"जानेवारीत. हा आमचा पोरगा आलता की."

कांताबाईने मला नीट न्याहाळलं. "जानेवारीत आमी कारखान्यावर होतो. दिवाळी झाली की सारी वस्ती ऊस तोडायला जाती, ती उन्हाळ्यात वापस येती. हितं निस्त्या म्हाताऱ्या ऱ्हातेत. आमाला तं कुनीबी काय इचारलं न्हाई."

सरांनी लेखाची घडी घातली आणि हात जोडले. "बायांनो, चुकलं माझं."

 परत येऊन गेवराईत मला उतरवताना ते म्हणाले, "तुझी माय बी जायची ना रे तोडीला? मंग जानेवारी कसा इसरलास तू?"

माझी आई पंधरा वर्षं ऊस तोडत होती. थंडीत कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोपीत मी तिच्याजवळ झोपलेलो आहे. 

आठवड्याने त्यांनी मासिकाला पत्र पाठवून लेख मागे घेतला. "माहिती मी पडताळली नाही, चूक माझी," असं त्यात होतं. पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. "मी तुजं नाव घेनार न्हाई. तुला घ्यायचं आसंल तर घे."

मी घेतलं नाही. पदवी गेली असती, कदाचित नोकरीही. विद्यापीठाने सरांची मार्गदर्शक म्हणून असलेली मान्यता काढली. निवृत्तीच्या तोंडावर साळवेंनी आकडे बनवले, असं स्टाफरूममध्ये उघड बोललं जायचं आणि मी चहा पीत ऐकायचो. दुसऱ्या मार्गदर्शकाकडे मी चाळीस प्रश्नावल्या पुन्हा भरल्या, त्या मात्र खऱ्या. डॉक्टर झालो. वाटेत भेटले की सर पूर्वीसारखंच विचारायचे, "काय लिहितूस सध्या?" त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, माणूस सोन्यासारखा, शेवटी त्या एका लेखाचा डाग लागला. मग सरांचा लाडका विद्यार्थी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी दहा मिनिटं त्यांच्या प्रामाणिकपणावर बोललो. सभा संपल्यावर काकू, सरांच्या पत्नी, जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "चांगलं बोललास बाबा. सरांचा लई जीव होता तुझ्यावर."

प्राचार्य डाग म्हणाले, तेव्हा काकू पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली.