रोह्यात केलेलं सफरचंदाचं आम्ल

आमच्या जुन्या एन्झाइम सेक्शनमधले दोघं जरी एखाद्या लग्नात समोरासमोर आले, तरी पंगत उठते आणि आमचं बोलणं संपत नाही. बरं, दर वेळी तेच किस्से! माझा नवरा लांबूनच ओळखतो. "आलं वाटतं कुणी रोह्याचं. मी गाडीत बसतो." बसू दे. तुम्ही ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पेणहून कंपनीच्या बसने रोह्याला जायची, केमिस्ट म्हणून. कंपनी फ्युमरिक ॲसिड करायची. पांढरी पावडर, पोतीच्या पोती. हे असंपृक्त आम्ल. म्हणजे मधल्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध, अजून काहीतरी सामावून घ्यायला जागा शिल्लक. त्या जागी पाण्याचा एक रेणू बसवला की झालं सफरचंदाचं आम्ल! हिरव्या सफरचंदाला आंबट करतं ते. गोळ्या-सरबतवाल्यांना हवंच असतं.

पाणी बसवायचं काम एक एन्झाइम करतं, ते जिवाणूंच्या पोटात असतं. जिवाणू जेलच्या मण्यांत कोंडायचे, मणी काचेच्या उंच नळीत भरायचे आणि वरून फ्युमरिकचं पाणी सोडायचं. त्या नळीला आम्ही कॉलम म्हणायचो.

ही सगळी कल्पना रोहेकर साहेबांची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. दोन्ही मुलं इस्रायलला गेलेली, पत्नी साराबाई ट्रंका भरून तयार. आणि साहेब म्हणायचे, "आपल्या आम्लाचे खडे एकदा हातात घेतो, मग निघू." साराबाईंनी त्या ट्रंका किती वेळा भरल्या आणि उपसल्या, देव जाणे.

*

पहिला रिझल्ट कंपनीच्या मालकांना, शेठना दाखवला. ऐंशी टक्के माल तयार, वीस टक्के फ्युमरिक तसंच. शेठचं तोंड वाकडं.

"पूर्ण का होत नाही?"

साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, हे एन्झाइम दोन्हीकडे चालतं. पाणी बसवतं तसं काढतंही. एका टप्प्याला दोन्ही कामं सारख्याच वेगाने चालू राहतात."

शेठनी विचार केला. "म्हणजे काही जण माल करतात आणि काही जण मोडतात?"

"साधारण तसंच."

"मग मोडणाऱ्यांना काढून टाका!"

"तेच ते आहेत, शेठ. करणारेही आणि मोडणारेही."

शेठनी कॉलमजवळ जाऊन आत वाकून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांची युनियन आहे का?"

*

जेलचे मणी थेट भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसायचे. एकदा एक तपासणी अधिकारी आले. कॉलमपाशी थांबले आणि आमच्यावर डाफरले, "प्लांटमध्ये खाण्याचे पदार्थ ठेवायला मनाई आहे, माहीत नाही?"

आमचा ऑपरेटर म्हात्रे, जवळच्या निडी गावचा. मण्यांकडे बोट दाखवून सरळ चेहऱ्याने म्हणाला, "सायब, आमी नाय खात. त्येच खातात."

अधिकारी पुढच्या सेक्शनला गेले ते चहालाही थांबले नाहीत.

*

जिवाणूंचं आवरण जरा सैल पडावं, आम्लाची आत-बाहेर ये-जा व्हावी, म्हणून मणी पित्तात भिजवावे लागत. खरंखुरं पित्त, जनावराचं. साहेबांनी मागणी पाठवली. परचेसवाले शुद्ध शाकाहारी, आणि नियमाला पक्के. म्हणाले, "तीन कोटेशनं आणा."

रोह्याच्या बाजारात मटणवाले कसेबसे तीन! दोघांनी म्हात्रेला हाकललं. तिसरा म्हणाला, "पित्ताची पिशवी फुकट नेवा. पण मटण घेतल्याशिवाय देनार नाय." झालं! दर बुधवारी कंपनीच्या खर्चाने, कच्चा माल म्हणून, मटण येऊ लागलं. म्हात्रेची बायको रस्सा करून पाठवायची. साहेब त्याला हात लावत नसत, त्यांच्या घरी विधीने कापलेलंच चालायचं. ते बाजूला उकडलेली अंडी सोलत बसायचे आणि विचारायचे, "पित्त काढून ठेवलंत ना?"

"व्हय सायब."

"मग जेवा."

पुढे एका बुधवारी परचेसवाले स्वतः नाकाला रुमाल लावून आले. "हा पित्ताचा प्रयोग अजून किती दिवस चालणार?"

म्हात्रेने तोंडातला घास सावकाश गिळला. "अजून खात्री नाय झाली, सायब."

*

एक दिवस कॉलम मेला. सकाळपासून खाली पाणी येतंय, पण त्यात सफरचंदाचं आम्ल थेंबभरही नाही. मी पंप तपासला, तापमान तपासलं. म्हात्रेने नारळ फोडला. साहेब आले, त्यांनी फक्त ड्रमकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. स्टोअरवाल्यांनी फ्युमरिकऐवजी मॅलेइक पाठवलं होतं! म्हणजे त्याचा जुळा भाऊच. अणू तेच, तेवढेच. फक्त एकाचे दोन्ही हात एकाच बाजूला, दुसऱ्याचे दोन बाजूंना.

"तरी म्हटलं, आज पावडर पाण्यात इतकी झटकन कशी विरघळली!" म्हात्रे म्हणाला. "मी तर खूश झालो, चांगला माल आलाय."

साहेबांनी समजावलं, "आपलं एन्झाइम त्या एकालाच ओळखतं. दुसऱ्याला हातसुद्धा लावत नाही."

"आमच्या गावात हायेत असे जुळे," म्हात्रे म्हणाला. "पोस्टमन चुकतो, मास्तर चुकतात, आई पन चुकते. बायको नाय चुकत."

*

आता शेवटचं. यात हसण्यासारखं फार नाही, पण हे सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

कॉलम उत्तम चालला, पण खडे होईनात. उरलेलं फ्युमरिक गाळून काढायचं, पाणी आटवायचं, की खाली खडे बसायला हवेत. बसायची काकवी! हे आम्ल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडची हवा म्हणजे काय विचारता! साहेबांनी सगळं करून पाहिलं. तेवढ्यात मुलाने तिकिटं पाठवली. या वेळी साराबाईंनी ट्रंका उपसल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांची जीप कंपनीच्या गेटवर पाच मिनिटं थांबली. साहेब आत आले, बीकर उजेडाकडे धरून पाहिला. काकवीच. "असू दे," म्हणाले, आणि बीकर अगदी हळू खाली ठेवला. मी नीट नमस्कारही केला नाही.

ते गेले आणि मला असा राग आला म्हणून सांगू! त्या बीकरचा! काचेची कांडी घेतली आणि आतून खराखरा घासायला लागले. "मेल्या, एवढा माणूस तुझ्यासाठी थांबला, तुला काही लाज?" म्हात्रे दारातून बघत होता, पण अडवायची त्याची छाती झाली नाही.

काचेवर जिथे कांडीचा ओरखडा उठला, तिथेच एक पांढरा ठिपका उमटला; खड्यांना धरायला तेवढा खरखरीतपणाच हवा होता. मग त्याच्या भोवती दुसरा. बघता बघता सगळा बीकर दाटला, हाताला ऊन लागायला लागला. खडे! साखरेसारखे, पांढरेशुभ्र!

गाळले, ओव्हनमध्ये फिरवले, बाटलीत भरले. जीप वाटेत नागोठण्याला नातेवाइकांचा निरोप घ्यायला थांबणार होती, हे म्हात्रेला माहीत होतं. त्याने मोटारसायकल काढली, मी मागे बाटली पोटाशी धरून. नागोठण्याहून जीप निघून गेली होती, पण पुढे वडखळच्या नाक्यावर नेहमीसारखे ट्रक अडकलेले, आणि त्यांच्यामध्ये जीप. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ट्रॅफिकला हात जोडले.

साहेबांनी बाटली घेतली. हलवली. खडे वाजले. कानाशी धरून पुन्हा हलवली. साराबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, चिमूटभर खडे जिभेवर ठेवले. तोंड वेडंवाकडं झालं.

"एवढ्यासाठी?"

साहेबांनी मान हलवली. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. साराबाईंनी आणखी एक चिमूट घेतली, पर्स उघडली, आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"झाकण घट्ट लावून दे गो. विमानात सांडेल."