त्या नावाचं इथे कुणी नाही

निधनवार्ता मी सकाळी चहा पिताना वाचली आणि पान उलटलं. लांज्याची कुणी मानसी. मागे पती, मुलगा, नातवंडं. 'मनमिळाऊ आणि सुगरण'. असेल कुणीतरी... दुपारी तिच्या भावाचा फोन आला, "ताई, आपली शकू गेली गो," तेव्हा ते पान रद्दीतून पुन्हा काढलं. माझी शकू, आणि मी तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेले होते! दीड महिना झाला, राग काही उतरत नाही.

शकुंतला रत्नागिरीत आमच्या शेजारची. ऐंशीनंतरची गोष्ट, आम्ही दोघी विशीतल्या. बॅडमिंटनचा हॉल पुरुषांचा; बायकांना दुपारी दोन ते तीन, तेही दिवे न लावता. "उपकार नकोत त्यांचे," म्हणून शकूने वडिलांची, तात्यांची, आंब्याच्या पेट्या भरायची शेड धरली. हंगाम सोडला तर ती रिकामीच. मध्ये मासे धरायचं जुनं जाळं बांधलं. वासे इतके खाली, की शटलचं फूल उंच मारलं की कौलात अडकलंच. त्यामुळे शकू जाळ्याला घासून, सपाट, सणसणीत मारायला शिकली. पलीकडे मी. "अगो, हात तरी हलव! देवळातली समई काय तू?" असं ओरडायची. मोठ्या हॉलांतून खेळलेल्या मुलींना तिचं ते खालून येणारं फूल दिसायचंच नाही. जिल्ह्यात ती लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. पुरुषांच्या विजेत्याला चषक आणि हिला स्टीलची कळशी! पाहुणे म्हणाले, "संसाराला उपयोगी पडेल." शकू माझ्या कानात म्हणाली, "आणि तो काय चषकातून ताक पिणार?" हसलो आम्ही. तेव्हाच चिडायला हवं होतं.

मग लांज्याचं स्थळ आलं. "खेळू दे की, आमची ना नाही," असं सासरे म्हणाले होते, माझ्यासमोर. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने 'मानसी' लिहिलं, आणि दुसऱ्याच महिन्यात राज्याच्या संघात निवड झाल्याचं पत्र माहेरच्या पत्त्यावर आलं. तात्या धावत माझ्याकडे आले, "तुझं अक्षर बरं, पत्ता बदलून दे." मी रत्नागिरी खोडून लांजा लिहिलं. नाव तेच ठेवलं, कु. शकुंतला. पोस्टमनने दारात ते वाचलं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्या नावाचं इथे कुणी नाही." शकू तेव्हा मागे विहिरीवर होती, तीच कळशी भरत. पत्र आलं तसं परत गेलं.

गणपतीला ती माहेरी आली. मी विचारलं, "कशी झाली गो स्पर्धा?" ती म्हणाली, "कुठली?"

तिच्या जागी दुसरी मुलगी जाऊन आली होती. शकूने सासूबाईंना विचारलं, तर म्हणे, "मला मेलीला काय लक्षात, तू शकुंतला ते?" लग्नपत्रिकेवर ठसठशीत छापलेलं नाव, दोन महिन्यांत विसरल्या? की... ते देवाला ठाऊक. मी मात्र स्वतःला वर्षानुवर्षं दोष दिला, पाकिटावर 'मानसी' का नाही लिहिलं म्हणून. आता वाटतं, का लिहायचं? जिंकली होती ती शकुंतला! नंतर तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिने माझ्यापाशी खेळाचं नावही काढलं नाही.

तेराव्याला लांज्याला गेले. मागच्या पडवीत कळशी होती, पाण्याने भरलेली. तिचा मुलगा म्हणाला, "आजोळची ती, आईच्या लग्नातली."

"वाच त्यावरचं."

त्याने अंगठ्याने पुसून वाचलं. जन्मभर त्यातलं पाणी प्यायलेला तो चाळिशीचा बाप्या मला विचारतो, "मावशी, महिला एकेरी म्हणजे?"

सांगितलं सगळं. अगदी शेडपासून. मग कळशी रिकामी केली आणि उचलून घेऊन आले. कुणाला विचारलं नाही. आता ती माझ्याकडे टीव्हीशेजारी असते. आपल्या मुली परदेशात जिंकतात, पदकं चावत फोटो काढतात, आणि बघायला आलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आता मुलीसुद्धा खेळायला लागल्या हो!" मी उठते, कळशी फिरवून अक्षरं त्याच्यापुढे करते आणि म्हणते, वाच. मोठ्याने वाच.