कामाशिवाय पवनारला

माझी नणंद मंजुषा आर्वी आगारात एसटी कंडक्टर आहे. दिवसभर माणसं बसवते आणि सुट्टीच्या दिवशीही कुणी एकटं बसलेलं तिला पाहवत नाही.

मागच्या आठवड्यात रजतच्या घरचे आमच्या लेकीला, सुरभीला पाहून गेले. दोन्ही घरांचा होकार झाला, अडलं ते सुरभीपाशी. “त्याच्याशी धड बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.” मग रजतचाच तिला मेसेज आला: रविवारी पवनारला हँग आउट करू या का?

मी तो मंजुषाला दाखवला. काही ठरलेलं नसताना दोघंच?

मंजुषाने फोनवर अर्थ शोधला. “काही काम नसताना सोबत वेळ घालवणे. वहिनी, काऊन भिऊन राह्यली? हे तर आपण रोजच करतो! सगळेच जाऊ.”

रविवारी सिंदी मेघेहून दोन ऑटो निघाले. सात माणसं, सतरंजी आणि डबाभर आलूबोंडे. पवनारला धाम नदीच्या काठावर रजत हेल्मेट घेऊन एकटाच उभा होता.

“या पाहुणे! हँग आउट कराले आलो!” मंजुषा लांबूनच ओरडली.

त्याला सतरंजीच्या मधोमध बसवलं. सासऱ्यांनी शेती विचारली, यांनी पगार विचारला, मी रक्तगट विचारला. सुरभी नदीकडे तोंड करून बसली होती. गेलं हे स्थळ, मी मनात म्हटलं.

रजतने हातातला आलूबोंडा संपवला आणि हसत म्हणाला, “आत्या, काम नसताना बसायचं असते ना? तुम्ही तर मले परीक्षेले बसवलं.”

 मंजुषा ताडकन उठली. “चला, उठा सगळे! पुढं सरका, पुढं जागा हाय!” सासऱ्यांसकट आम्हाला तिने पार लांबच्या एका झाडापर्यंत हाकललं. मी टाचा उंचावून पाहू लागले.

“वहिनी, तिकडं पाह्यचं नाई.”

“मग तू काऊन पाहून राह्यली?”

“मी ड्यूटीवर हाय.”

तिकडून सुरभीचं हसू ऐकू आलं, नाक वाजेपर्यंतचं. घरात हसते तसं. आम्ही दोघींनी एकमेकींचे हात इतके दाबले की बांगडी पिचली.

तासाभराने ती आली. मी विचारलं, “काय बोललात?”

“काहीच नाही.”

“नोकरीचं? घराचं?”

“अगं, काहीच नाही. नुसते बसलो.”

“मग?”

“मग काय,” चेहरा लाल करून ती म्हणाली, “कळवा त्यांना. होय म्हणून.”