भागीबाईला विकलेला धोंडीराम

माझे सासरे धोंडीराम नाशकात द्वारका चौकात झेंडू-शेवंती विकतात. पासष्टी उलटली, तरी वारं प्यालेल्या वासरासारखे उंडारतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या आधीची भावंडं दगावली, म्हणून माझ्या आजेसासू कुसाबाईंनी जन्मताच त्यांना सुपात घातलं आणि पसाभर तांदळाला शेजारच्या भागीबाईंना विकलं. रीतच आहे तशी. मूल परक्याचं म्हटलं की दृष्ट लागत नाही. वाढवलं कुसाबाईंनीच, पण "माझा" असं चुकूनही म्हटलं नाही. कायम "भागीचा पोरगा".

आता मळ्याची वाटणी निघाली आणि दादांचा चुलतभाऊ गोटीराम भाऊकीसमोर उठून म्हणाला, "पुंजारामकाका तर गेले. धोंड्या त्यांचाच कशावरून? माझी न् त्याची डीएनए करा, एका आज्याचं रक्त हाय का बघा. नसंल तर मळ्यात वाटा नाय. भागीबाई तर म्हनती, पोरगं माझं."

"हायच माझं," भागीबाई कोपऱ्यातून ठणकावून म्हणाल्या. "तांदूळ दिलेत मी!"

मी कपाळावर हात मारला.

दादांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "करू की! गालात काडी फिरवायची, झालं. पेपरात फोटू येईल!" त्यांनी लगेच फ्रान्सला लेकीला, वेदिकाला, व्हिडिओ कॉल लावला.

ती तिकडून ओरडली, "दादा, इकडे कोर्टानं सांगितल्याशिवाय बाप तपासता येत नाही. घरी किट मागवलं तर दंड होतो! शेजारी जर्मनीत आई, बाप, मूल, सगळ्यांची संमती लागते."

"तुमच्याकडं बाप लय अवघड हाय गं!" दादा खिदळले. "नाशकात कुठल्याबी लॅबात जा."

"जा, पण कोर्ट ते मागेलच असं नाही. काका असं काही काढणार हे कानावर आलं होतं, म्हणून मी वकिलांना विचारून ठेवलंय. आपल्याकडे लग्नाच्या बायकोचं मूल नवऱ्याचंच धरतात. तुमच्या जन्माआधी आजी-आजोबा एकमेकांपासून लांब होते, हे काकांनी आधी सिद्ध करावं. कुणाला शंका आली म्हणून चाचणी लावत नाहीत."

गोटीराम चुळबुळला. दादांचं टुमणं चालूच. "तरी करूच ना! गंमत!"

"गप रं," कुसाबाई म्हणाल्या. "काडी तुझ्या गालात फिरंल, पन तपासनी माझी हुईल."

दादांचं हसू तिथेच थांबलं. मला इतका संताप आला की गोटीरामचा चहा मी परत आत नेला.

"मग तूच सांग, कुनाचा त्यो?" गोटीराम म्हणाला.

कुसाबाईंनी दादांकडे पाहिलं. बोललं आणि पोराला काही झालं तर? जन्मभराची भीती होती ती. शेवटी भागीबाईंनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "म्हन कुसा. म्हातारा झाला आता त्यो. काय हुतंय त्याला."

"माझा हाय," कुसाबाई म्हणाल्या. "माझा न् ह्यांचा."

"परत म्हन, आये!" दादा जागच्या जागी उड्या मारत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कुसाबाई मात्र दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाल्या होत्या.