आपटायला दार हवं

आमच्या खिवा गावातल्या अर्ध्याअधिक घरांची कोरीव दारं मतनियाजच्या हातची आहेत, आणि त्याच्या स्वतःच्या घराला मात्र कित्येक वर्षं गोधडी टांगलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याचं दार चोरीला गेलं होतं, आणि चोर दुसरातिसरा कुणी नसून पाठचा भाऊ होता, रुझमत.

रुझमतच्या हाताला काहीही चिकटायचं. कोंबडी, सायकल, लग्नात काढून ठेवलेले जोडे. शेवटी गाव विटलं, तेव्हा त्याने परमुलखात कामाला जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी आईने रिवाजाप्रमाणे नान पुढे केला. जाणाऱ्याने एक घास तोडायचा, उरलेला नान भिंतीवर टांगून ठेवायचा, आणि परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. रुझमतने घास तोडला, आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. आई नान टांगायला आत वळली, मतनियाज गाढव जुंपायला मागे गेला, तेवढ्यात हा दाराबाहेर पडला आणि जाताना दारही घेऊन गेला. आजोबांनी कोरलेलं दार! सुताराच्या घरातून पाठीवर दार घेऊन निघालेल्या माणसाला कोण हटकणार? समोरच्या हलीमाआजीने तर "जपून ने रे बाळा" असंही सांगितलं.

मतनियाजने हट्ट धरला. तेच दार परत येईल, नाहीतर गोधडी. त्या गोधडीमागे वाळवंटाचा वारा आत आला, शेजाऱ्यांचे मेंढे आत आले, आणि आई भिंतीवरच्या नानकडे बघत बघत तिथेच गेली. त्या माउलीचे हाल आठवले की आजही मला दोघा भावांचा राग येतो. एकाने दार नेलं आणि दुसऱ्याने दुसरं केलं नाही.

मतनियाजच्या नाकाच्या शेंड्यावर राग. पण दार नसलं की रागाचं काही चालत नाही. बायकोशी, अनाजानशी, कडाक्याचं भांडून तो तरातरा बाहेर पडायचा आणि मागे गोधडी हळूच हलत राहायची. अनाजान आतून खुदकन हसायची. मग तो कारखान्यात जाऊन लोकांची दारं आपटायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, कारागीर माल पारखून देतो.

आणि यंदाच्या वसंतात रुझमत आला. दात सोन्याचे, मान खाली. आधी माझ्याकडे येऊन बसला.

"शेजारी, मी सुधारलो," तो म्हणाला.

"कशाने?"

"दाराने. तुरुंगातून सुटल्यावर, ज्या हॉटेलला दार विकलं होतं तिथेच मला दरवान म्हणून ठेवलं. आजोबांचं दार उघडायचं आणि परक्या माणसांना म्हणायचं, या, आपलंच घर आहे. रोज म्हणून म्हणून माणसाचं काय होईल सांगा. परवा मालकाने आपोआप सरकणारं काचेचं दार बसवलं आणि आम्हा दोघांना एकदमच काढलं."

दार कोपऱ्यावर गाडीत होतं. पण त्याला दाराच्या आडून घरात शिरायचं नव्हतं. दादाने एकदा 'आत ये' म्हणावं, एवढंच हवं होतं. तो गोधडीपुढे जाऊन खोकला. त्या घरी कडी नसल्यामुळे आम्ही सगळे खोकतच असू.

"कोण आहे?"

"दादा, मी रुझमत."

"रुझमत परत आलेला नाही. त्याचा नान अजून भिंतीवर आहे."

"मग तो संपवायलाच आलोय ना. आत येऊ?"

"माझा भाऊ आला तर दारातून येईल. इथे दार नाही, म्हणजे तो आलेला नाही. चालता हो."

यावर वकीलही काय बोलणार? रुझमत गाडी घेऊन आला. मतनियाजने दाराला हात लावला, आजोबांच्या नक्षीवरून बोटं फिरवली, पण भावाकडे बघितलं नाही. चौकट इतक्या वर्षांत एका बाजूला कलली होती, दार काही बसेना. मग लेकी बोले सुने लागे सुरू झालं.

"शेजारी, त्या हमालाला सांगा, खालची खुंटी उंबऱ्याच्या खळग्यात धर म्हणावं."

"शेजारी, दादाला सांगा, माझं बोट खळग्यात आहे."

"त्याला सांगा, बोट काढ. खुंटी घाल."

मी मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान हलवत होतो. अखेर दार बसलं. मतनियाज आत, रुझमत बाहेर. मतनियाजने पहिल्यांदाच भावाच्या डोळ्यांत बघितलं आणि धाडकन दार त्याच्या तोंडावर आपटलं.

गल्ली हादरली. दार पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. लोक जमले. "बिचाऱ्याचं किती वर्षांचं साठलंय, आपटू द्या," हलीमाआजी म्हणाली. रुझमत जागचा हलला नाही. दर वेळी दार उघडलं की मान खाली घालायचा. पुढच्या दणक्याला आत काहीतरी दगडासारखं पडलं आणि सगळं शांत झालं.

दार हळूच उघडलं. मतनियाजच्या हातात तो नान होता, खिळ्यावरून पडलेला. त्याने तो ओठांना लावला, कपाळाला लावला आणि पुढे केला.

"घे. खा आणि मोकळा हो."

रुझमतने घास घेतला. नानला काही झालं नाही, एक सोन्याचा दात मात्र हातात आला.

"चहात भिजवावा लागेल," अनाजान मागून म्हणाली.

"मग भिजव."

"भिजायला वेळ लागेल. तोवर त्यांना काय उंबऱ्यावर उभं ठेवायचं?"

मतनियाज घुटमळला. "आत ये," तो म्हणाला. "आणि दार लाव. वारा येतो."

भिजवून भिजवून, चोखून चोखून रुझमतने संध्याकाळपर्यंत तो नान संपवला. मतनियाज समोर बसून त्याची किटली भरत राहिला. शेवटचा तुकडा गिळून रुझमत उठला. आता कुठे जाणार हे त्यालाही माहीत नव्हतं. जाणाऱ्याने घास तोडावा म्हणून अनाजानने ताजा नान आणला. मतनियाजने तो मध्येच घेतला आणि भावाच्या हातात दिला.

"घास तोडून जायचं नाही," तो म्हणाला. "बस. अख्खा खा."